कॅलॉकमधला तो एक गुणाकार

परवा जुन्या प्रोजेक्टचा सी कोड चाळत होतो आणि एका ओळीवर अडकलो, मॅलॉक (प्रोग्रामला मेमरी मागून देणारं सीचं फंक्शन) आणि कंसात सरळ संख्या गुणिले साइज. साधी ओळ आहे, आपण सगळेच लिहितो, पण क्यूएनएक्स या ब्लॅकबेरीच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं प्रकरण वाचल्यापासून अशी ओळ दिसली की मी पुढे जाऊच शकत नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टच्या रिसर्चर्सनी बॅडअ‍ॅलॉक नावाखाली मेमरी अ‍ॅलोकेशनचे पंचवीसेक बग जाहीर केले, आणि ऑगस्टमध्ये ब्लॅकबेरीने सांगितलं की क्यूएनएक्सच्या जुन्या व्हर्जन्समध्येही, म्हणजे ६.५ एसपी१ पर्यंत, कॅलॉकमध्ये, म्हणजे मॅलॉकच्याच भावंडात, तोच घोळ आहे. क्यूएनएक्स कुठे चालते तर गाड्यांमध्ये, कारखान्यांत, हॉस्पिटलच्या मशीन्समध्ये!

कॅलॉकला दोन आकडे द्यायचे, किती नग आणि एक नग किती बाइटचा, गुणाकार ते करतं (मॅलॉकमध्ये तो आपण करतो). मी कॅलक्युलेटर घेऊन बसलो. चार बाइटचे १,०७,३७,४१,८२५ नग मागितले तर उत्तर येतं ४,२९,४९,६७,३००, पण ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९५ च्या पुढे काही मावतच नाही, वरचं गळून जातं आणि उरतात फक्त ४. लायब्ररी चार बाइट देते, पॉइंटरही (त्या जागेचा पत्ता) व्यवस्थित देते, एरर नाही काही नाही, आणि प्रोग्राम बिचारा शंभर कोटी नगांची जागा मिळाली असं धरून शेजारच्या मेमरीवर लिहीत सुटतो. आता तो नगांचा आकडा नेटवर्कवरून येत असेल तर तो हल्लेखोराच्याच हातात गेला की, मग मशीन बंद पडेल नाहीतर त्याचा कोड चालेल.

मला राग याचा येतो की हे आधीच माहीत होतं. कॅलॉकचा हाच दोष २००२ मध्ये जाहीर झाला होता, लिनक्सच्या ग्लिबसी या सी लायब्ररीत दुरुस्तही झाला, आणि त्याच वर्षी सन कंपनीच्या आरपीसीतून (दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन बोलवायची पद्धत) आलेल्या, डेटा पाठवण्यासाठी ठरावीक साच्यात घालणाऱ्या एक्सडीआर लायब्ररीतही नेमका असाच गुणाकार सापडला होता. मध्ये एकोणीस वर्षं गेली.

आणि दुरुस्ती केवढी? गुणाकार करायच्या आधी भागाकार करून बघायचा, नग जर कमाल मर्यादा भागिले साइजपेक्षा जास्त असतील तर नल, म्हणजे ‘जागा नाही’, परत द्यायचं, बास. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी तर २०१४ मध्ये त्यासाठी रीअ‍ॅलॉकअ‍ॅरे हे वेगळं फंक्शनच काढलं.

मी लगेच ग्रेप (कोडमध्ये शब्द शोधायची कमांड) मारला, माझ्या त्या प्रोजेक्टमध्ये असे तीन मॅलॉक निघाले, त्यातल्या एकाचा आकडा थेट फाइलच्या हेडरमधून येत होता, तो आधी बदलला.