वेगळी

मिसिसागा, कॅनडा, रविवार रात्र

"वेगळी आहे गं," मी घरी केलेल्या वाइनचा घोट घेऊन विद्याताई म्हणाल्या. एवढंच. आणि मी साडेअकरापर्यंत जागी.

आपल्याकडे भाजी बिघडली की पाहुणे 'वेगळी झालीय' म्हणतात. मी स्वतः म्हणते. त्यांच्याच घरी कितीदा म्हटलंय.

सहा आठवडे लागले या वाइनबाईला! नाताळच्या सुट्टीत वाइन करायच्या सामानाचा खोका आणला, सोव्हिन्यो ब्लांक या पांढऱ्या वाइनचा. पिशवीतला घट्ट रस, पाणी घालून 23 लिटर, गाळ खाली बसवणारी बेंटोनाइटची माती, वर यीस्ट. तळघर गार पडतं म्हणून कारबॉयला, म्हणजे वाइन आंबवायच्या मोठ्या बाटलीला, आईची गोधडी गुंडाळली. मिलिंद म्हणाला, बाळंतिणीची खोली झालीय. रात्री जिन्यात बसून गॅस बाहेर सोडणाऱ्या एअरलॉकची गुबुक-गुबुक ऐकायचे. साखरेचा अंदाज देणारा हायड्रोमीटर 1.085 वरून 0.994 वर आला, म्हणजे साखर आंबून संपली, तेव्हा ऑफिसात सांगत सुटले. कुणी विचारलं नव्हतं.

आणि काय, तर वेगळी.

आंबताना झालेला गॅस तिच्यात राहिलाय, मला माहितीय. खूप ढवळून तो घालवायचा असतो. खांदा दुखत होता, निम्म्यावर सोडलं. म्हणून जिभेला चुरचुरते. मग 'चुरचुरते' म्हणा ना. 'वेगळी' कशाला?

शेवटच्या पुडीतलं, वाइन नितळ करायचं कायटोसॅन कोळंबीच्या कवचातून काढतात आणि विद्याताई अंडंसुद्धा खात नाहीत. ते गाळाबरोबर तळाशी बसतं, तरी आधी सांगायला हवं होतं. असो.

तिकडे पिंपळगावला द्राक्षांची काढणी जोरात असेल. बाबा वाइनच्या द्राक्षांना हसायचे, 'ही काय, पाखरांना घालायची?' आता ती बाग कोण बघतं, मी विचारलंही नाही.

आत्ता खाली जाऊन दुसरी बाटली उघडली. लिंबू. मग हिरवा पेरू, अगदी पुसट. मागून काडी ओढल्यासारखा वाइन टिकवायच्या मेटाबायसल्फाइटचा वास. आणि घोट गिळायच्या आत चव पसार. खरं सांगायचं तर वेगळी आहे. सोव्हिन्यो ब्लांकपेक्षा तर फारच वेगळी.

29 बाटल्या भरल्या होत्या, 27 उरल्या.

जगमध्ये ओतली आणि ताकाच्या रवीने घुसळली, मध्यरात्री, मिलिंद उठू नये म्हणून दार लोटून. फेस आला, बसला. चुरचुर खरंच गेली. आता नुसती आंबट लागते.

अर्धा जग संपलाय.