पपनसाचं खानदान

चतुर्थी तोंडावर आली की सावंतवाडीच्या बाजारात माटवीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायच्या चौकटीचं, सामान येतं. आज कवंडाळं, सुपारीचं शिपटं सगळं घेतलं, पण जीव अडकला तो पपनसांच्या ढिगाऱ्यात. "वैनी, हातात घेवन बगा. जड आसात ता घेवा," म्हणाली विकणारी. बरोबरच होतं तिचं, हलकं निघालं तर आत नुसता चोथा.

घरी लेक म्हणाला, हे म्हणजे मोठं संत्रंच ना? उलट आहे रे! पपनस मूळचं, संत्रं नंतरचं. लिंबूवर्गातली बहुतेक फळं पपनस, महाळुंग आणि मँडरिन या तीन जुन्या घराण्यांच्या सोयरिकीतून आलीत. मोसंबीत पपनस आणि मँडरिन दोन्हींचं रक्त. आपलं नागपुरी संत्रं मँडरिनकडचं, म्हणून साल सुटसुटीत. आणि रोज वरणभातावर पिळतो त्या कागदी लिंबाचा बाप महाळुंग! तेच महाळुंग, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातलं. त्यात रस जवळपास नाहीच, सगळी जाडजूड साल. लोणचं मात्र झकास होतं. (ग्रेपफ्रूट तर अगदी काल-परवाचं, अठराव्या शतकातलं, तेही बार्बाडोस बेटावरचं.)

दोन पपनसं माटवीला टांगायची आहेत. तिसरं आताच फोडलं, आतून गुलाबी निघालं. पाकळीवरचा पापुद्रा नीट काढायचा, नाहीतर कडू लागतं. वर साखर भुरभुरवा. मिठाचे भक्त असतील त्यांनी कमेंटमध्ये भांडावं.