अकरावा खेकडा

कॅलिफोर्नियातल्या धक्क्यावर मी खेकडे धरायला गेलो होतो, हे कळताच बडोद्याहून मामांनी फोनवर विचारले, "अरे, दहाच का आणलेस? जाळ्यात येत होते, तर आपण दांडिया बाजारात चार घरी कालवण धाडतो तसे तिथेही वाटायचे होतेस." फोनवर त्यांना नीट सांगता आले नाही, म्हणून येथे लिहितो.

डंजनेस जातीचे खेकडे येथे माणशी दिवसाला १० धरता येतात, आणि कवचाची रुंदी पावणेसहा इंचांहून कमी भरली तर खेकडा तिथल्या तिथे पाण्यात सोडावा लागतो. सार्वजनिक धक्क्यावर मासेमारीचा परवाना लागत नाही, मर्यादा मात्र तेथेही लागू असते. शिवाय ती जवळ बाळगण्यालाही असते. घरच्या फ्रीझरमध्ये गोठवून ठेवलेले खेकडेसुद्धा त्यात धरले जातात. त्या दिवशी गणवेशातील अधिकाऱ्याने माझ्या बादलीतला एकेक खेकडा मागून, नांग्यांपासून बोटे दूर ठेवून उचलला, कवचावर माप लावले आणि मोठ्याने आकडा म्हटला. मी त्यांचे काय करणार, हे त्याने विचारलेच नाही.

अ‍ॅबलोनी या खाद्य सागरी गोगलगायीच्या बाबतीत तर येथील कायदा आणखी पुढे जातो: १२ हून अधिक जवळ सापडले, तर ते विक्रीसाठीच आहेत असे प्रथमदर्शनी मानले जाते, आणि दंड १५,००० ते ४०,००० डॉलरपर्यंत होऊ शकतो. गुन्हा सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर असावे असे मानणाऱ्या मला हे आधी खटकले. पण पहाटेच्या अंधारात खडकांवर गिऱ्हाईक हजर नसते, पैसे हातात पडलेले नसतात, आणि पकडला गेलेला प्रत्येक जण "घरच्यांसाठी" असेच सांगणार. मग हेतू ओळखायचा तो आकड्यावरूनच. उलट पुरावा देण्याची वाट आरोपीला मोकळी राहते, म्हणून मला आता हा नियम योग्य वाटतो.

त्याने अ‍ॅबलोनी वाचले, असे मात्र म्हणता येत नाही. त्यांची व्यापारी मासेमारी १९९७ मध्ये बंद झाली. पुढे समुद्र तापला, जांभळ्या सागरी अर्चिन या काटेरी प्राण्यांनी केल्पची, म्हणजे उंच वाढणाऱ्या सागरी शेवाळाची, जंगले खाऊन टाकली, अ‍ॅबलोनी उपाशी मेले, आणि २०१८ पासून हौशी लोकांनाही ते काढायची बंदी आहे.

मामा, फ्रीझरमध्ये अजून चार खेकडे आहेत. तेव्हा येत्या शनिवारी सहाच आणता येतील.