व्होल्टेज आलं कुठून?

"दादा, पंखा भिंगरीसारखा फिरतोय आणि रेग्युलेटर तर दोनवर आहे!"

सिंहगड रस्त्यावरच्या एका जुन्या सोसायटीतल्या काकूंचा रविवारी सकाळचा फोन. मी एवढंच म्हणालो, शेजारी विचारा. त्यांनी दार वाजवलं आणि शेजारणीचा आवाज मला फोनमध्येच ऐकू आला, "आमच्याकडे ट्यूब लागतच नाहीये हो, नुसती लुकलुकतेय."

एका घरात जास्त, शेजारच्या घरात कमी. ही दोन वाक्यं एकत्र कानावर पडली की आमच्या इलेक्ट्रिशियनच्या धंद्यातला माणूस पायात चप्पल अडकवूनच पुढचं बोलतो. बिल्डिंगचा न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, सुटला होता.

"काकू, घरातली बटणं बंद करत बसू नका. खालचा मेन पाडायला सांगा, सगळ्या बिल्डिंगचा. आत्ताच्या आत्ता."

पण मीटररूमला कुलूप होतं, आणि किल्ली सेक्रेटरींच्या खिशात. सेक्रेटरी फिरायला गेलेले, मोबाइल घरी चार्जिंगला. तोही चार्जर नंतर फुटलेलाच सापडला.

घरोघरचे एमसीबी (घराची वीज तोडणारे छोटे स्विच) पाडा असं मी सांगितलं नाही, त्यामागे कारण होतं. बिल्डिंगमध्ये वीज तीन फेजमधून, म्हणजे तीन वेगळ्या जिवंत तारांतून येते, आर, वाय, बी, आणि फ्लॅट या तिघांत वाटून दिलेले असतात. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्ट, दोन फेजमध्ये 400. न्यूट्रल जागेवर असतो तोवर प्रत्येक घर आपापल्या 230 वर सुखी. तो सुटला की वीज परतायला दुसऱ्या फेजवरच्या घरातून वाट काढते. म्हणजे तुमचं घर आणि समोरचं घर एका माळेत येतात, दोन्हींवर मिळून 400 व्होल्ट. मग वाटणी होते ती उलटी. ज्याच्याकडे गीझर, इस्त्री असा मोठा लोड चालू आहे त्याला व्होल्टेज कमी. ज्याच्याकडे नुसता टीव्ही आणि एक दिवा, त्याच्यावर उरलेलं सगळं. अशा वेळी गीझरवाल्याने शहाणपणाने आपला एमसीबी पाडला, तर ही वाटणी त्याच क्षणी बदलते. कुणाची उपकरणं वाचतील आणि कुणाची जातील, हे सांगता येत नाही. म्हणून पाडायचा तर एकदम मुख्य मेन.

मी पोचलो तेव्हा सेक्रेटरीही नुकतेच परतले होते. कुलूप उघडलं, हेल्परला मेनच्या हँडलवर हात ठेवून उभं केलं आणि मीटर लावला. फेज ते फेज, तिन्हीकडे 400 च्या आसपास. बाहेरून येणारी वीज ठणठणीत. मग फेज ते बिल्डिंगकडचा न्यूट्रल: आरवर 106, वायवर 327, बीवर 302. "पाड!" म्हणालो. हे आकडे टिपायला दहा सेकंद लागली असतील, पण पुढे सगळं भांडण त्यांच्याच जोरावर मिटलं.

दोष शोधावा लागलाच नाही, वासानेच कळला. मेन स्विचनंतरच्या न्यूट्रल बसबारवर (तारा जोडायची धातूची पट्टी) अॅल्युमिनियमच्या केबलचा लग, म्हणजे टोकाला बसवलेली धातूची कडी, जळून कोळसा झाला होता. बोल्ट जागेवर, वॉशर जागेवर, लग मात्र अर्धा गळून गेलेला. बसबार तांब्याची, केबल अॅल्युमिनियमची, आणि मध्ये दोन्ही धातूंना चालणारा बायमेटल लग नाही. असा जोड हळूहळू ऑक्साइड धरतो, मग तापतो, तापला की सैल होतो आणि सैल झाला की आणखी तापतो.

केबलही साडेतीन कोअरची. तीन जाड तारा फेजच्या आणि एक निम्म्या जाडीची न्यूट्रलची. बिल्डिंग नव्वदच्या दशकातली. तेव्हा हिशोब असा, की तिन्ही फेजवर लोड सारखा असला की न्यूट्रलमधून परतणारा करंट एकमेकांत जिरून जातो, मग त्याला जाड तार कशाला? बल्ब, पंखे आणि गीझरच्या काळात तो हिशोब बरोबरच होता. आता घराघरांत एलईडी, टीव्ही, कॉम्प्युटर, चार्जर. ही उपकरणं वीज सलग घेत नाहीत, तुकड्यातुकड्याने ओढतात. त्यातून तिसरा हार्मोनिक म्हणजे 150 हर्ट्झचा करंट तयार होतो, आणि तो तिन्ही फेजचा न्यूट्रलमध्ये जिरत नाही, बेरीज होऊन येतो. लोड अगदी समान वाटला तरी न्यूट्रल तापतो. सगळ्यात बारीक तारेवर हा नवा बोजा. सोसायट्या रंगकाम दर काही वर्षांनी काढतात. मीटररूमचे बोल्ट आवळायला मात्र कुणी बोलावत नाही.

तोवर लोक खाली जमले होते, हातात आपापल्या घरातला ऐवज. राउटरचे अॅडॉप्टर सगळ्यात जास्त. त्यांच्यात बहुतेकदा 400 व्होल्टपर्यंतच टिकणारा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असतो. 327 हा आकडा सरासरीच्या जातीचा, प्रत्यक्ष लाटेचं टोक त्याच्या 1.414 पट, म्हणजे 462. कपॅसिटरची टोपी फुगणार नाही तर काय होणार?

दुसऱ्या मजल्यावरचा एक आयटीतला मुलगा मात्र चिडला होता. त्याच्या हातात महागातला एक्स्टेन्शन बोर्ड, एका बाजूने प्लॅस्टिक वितळून काळं पडलेलं. "काका, हा स्पाइक गार्ड आहे. यावर लिहिलंय स्पाइक आणि सर्ज प्रोटेक्शन. मग माझा मॉनिटर गेलाच कसा?"

प्रश्न रास्त होता. मी तिथेच पायरीवर बसून तो बोर्ड खोलला. आत एमओव्ही, बटणाएवढी निळी चकती, आता दोन तुकड्यांत. ही चकती साधारण 430 व्होल्टच्या वर वाट मोकळी करते आणि जादाची वीज स्वतःतून जाऊ देते. ती बनवलेली असते जवळपास पडलेल्या विजेसाठी, मोठी मोटर बंद होताना बसणाऱ्या धक्क्यासाठी. अशी उपकरणं तपासायला जी प्रमाण लाट वापरतात ती 1.2 मायक्रोसेकंदात चढते आणि 50 मायक्रोसेकंदात निम्म्यावर येते. आपल्या विजेचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं, म्हणजे ही लाट त्याच्या चारशेव्या भागात आटोपली. इथे मात्र व्होल्टेज चढलं ते किल्ली सापडेपर्यंत, अर्धा तास. चकतीने प्रत्येक टोकाला इमानाने करंट घेतला, तापली आणि फुटली. बोर्डावर लिहिलेलं खोटं नव्हतं, पण त्या दिवशी जे आलं होतं त्याला स्पाइक म्हणत नाहीत. मुलाने चकतीचा फोटो काढला. शिकलेली पोरं समजावून सांगितलं की ऐकतात, हे मला आवडतं.

सेक्रेटरींशी मात्र जमेना. जळका भाग कापून नवा बायमेटल लग क्रिम्प केला, न्यूट्रल पुन्हा बांधला, तिन्ही फेजवर 231 दिसले, मग एकेक फेज करून सप्लाय सोडला. बॅग भरत होतो तर ते कागद घेऊन आले.

"तुम्ही लायसनवाले. लेटरहेडवर दोन ओळी द्या. बाहेरून अचानक पॉवर सर्ज आल्यामुळे नुकसान झालं, एवढंच. पुढे वीज कंपनी आणि विमा आम्ही बघतो."

"बाहेरून काही आलं नाही हो. फेज ते फेज 400 होते, तुमच्या डोळ्यांदेखत."

"अहो, पेपरात नेहमी सर्जच लिहितात. लोकांना तेच कळतं."

यावर काय बोलायचं! अचानक वाढलेलं काहीही आता सर्ज झालंय. रुग्ण वाढले की सर्ज, पावसात टॅक्सीचं भाडं वाढलं की सर्ज. बोलण्यात चालतं, मीही वापरतो. पण लायसनच्या सहीखाली तो शब्द टाकला, तर वाचणारा विद्युत निरीक्षक बाहेरच्या लाइनवर कारण शोधणार, आणि इथली निम्म्या जाडीची केबल तशीच राहणार. मी लिहून दिलं: "सोसायटीच्या मीटररूममधील मुख्य न्यूट्रलचा जोड जळून सुटल्याने काही ग्राहकांना दीर्घकाळ अतिविद्युतदाब, तर काहींना अल्पविद्युतदाब मिळाला." खाली सगळे आकडे आणि जळक्या लगचा फोटो. ते वाचून सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे चूक आमचीच." मी म्हणालो, "केबल तुमची." त्या पत्राचं त्यांनी पुढे काय केलं ते मी विचारलं नाही.

दोन कामं मात्र सोसायटीने मान्य केली: चार समान कोअरची केबल, आणि मुख्य पॅनेलवर न्यूट्रल तुटल्यावर सप्लाय आपोआप तोडणारा रिले. वर्गणी काढायची वेळ आली तेव्हा पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ अडले. त्यांच्याकडे काहीच जळलं नव्हतं. आमचं वायरिंग पक्कं आहे, असं ते चारचौघांत सांगत होते. ते आर फेजवर, गीझर लावून बसलेले. 106 व्होल्टवर गीझर जेमतेम एकपंचमांश ताकदीने चालतो. पाणी तापलं नाही, एवढीच त्यांची तक्रार, आणि तीही त्यांनी माझ्याकडेच केली.