पत्ते मोजायला बसण्याआधी टेबलाची रीत

एडिसन, जर्सी सिटीकडून सुट्टीला न्यू जर्सीतलं कॅसिनोंचं शहर अटलांटिक सिटी गाठणाऱ्यांत मराठी मंडळी बरीच असतात. त्यांतले काही जण महिनोन्महिने घरी पत्ते मोजायचा सराव करून ब्लॅकजॅकला, म्हणजे डीलरविरुद्ध २१ च्या जवळ जायच्या खेळाला बसतात. गेलेल्या पानांवरून उरलेल्यांत मोठी पानं जास्त आहेत का, हे सांगणारा मनातला चालू आकडा म्हणजे काउंट; तो चढला की पैज वाढवायची. घरी पक्का असलेला काउंट तिथे पहिल्या अर्ध्या तासात सुटतो, आणि तो पत्त्यांमुळे सुटत नाही. नोटा कुणाच्या हातात द्यायच्या, पानाला हात लावायचा का, जोडी फोडताना (सारख्या दोन पानांचे दोन डाव करताना) चिप्स कुठे ठेवायच्या, अशा प्रश्नांत क्षणभर डोकं अडकतं आणि आकडा निसटतो. म्हणून आधी रीत हातात बसवा, मोजणं मागाहून.

बसण्यापूर्वी टेबलावर काय छापलंय ते वाचा. ब्लॅकजॅकला, म्हणजे पहिल्याच दोन पानांत एक्का आणि दहाच्या किमतीचं पान (दश्शी, गुलाम, राणी किंवा राजा) आलं तर, '३ ला २' मिळतात की '६ ला ५', हा सगळ्यात मोठा फरक आहे. २५ डॉलरच्या पैजेवर पहिल्या टेबलावर साडेसदतीस मिळतात, दुसऱ्यावर तीसच. एवढ्यानेच घराचा, म्हणजे कॅसिनोचा फायदा जवळपास १.४ टक्क्यांनी वाढतो, आणि मोजून मिळवलेलं बहुतेक सगळं तिथेच जातं. '६ ला ५'च्या टेबलावर बसूच नका. पत्ते सतत पिसत राहणारं यंत्र दिसलं तरी पुढे चला. वापरलेली पानं लगेच परत मिसळली जात असतील तर मोजण्यासारखं काही उरत नाही.

काही टेबलांवर डाव अर्ध्यात असताना शिरू नये अशी पाटी असते. पाटी नसली तरी बसलेल्यांना "आत्ता आलो तर चालेल का?" असं विचारणं रीतीला धरून आहे. नवख्याने नाहीतरी पत्ते पिसेपर्यंत थांबावं. शू (पानं वाटायची पेटी) नव्याने भरला की काउंट शून्यापासून लागतो. अर्ध्यात बसलात तर गेलेली पानं तुम्ही पाहिलेली नसतात आणि तुमचा आकडा अपुरा राहतो.

पैसे देण्याची वेळ दोन डावांच्या मधली. नोटा डीलरच्या हातात देऊ नका, तो घेणारच नाही. पैजेच्या वर्तुळापासून दूर, टेबलाच्या कापडावर ठेवा. वर्तुळात ठेवल्या तर ती पैज आहे असा समज होतो. डीलर नोटा एकेक करून पसरतो, मोठ्याने रक्कम सांगतो, पिट बॉस (टेबलांवर देखरेख करणारा) तिकडून मान हलवतो, मग चिप्सची रास तुमच्याकडे सरकते. हा सगळा सोपस्कार वरच्या कॅमेऱ्यासाठी असतो. पाच डॉलरची चिप लाल, पंचवीसची हिरवी, शंभरची काळी, पाचशेची जांभळी. एकाच पैजेत दोन रंग असतील तर मोठी चिप खाली आणि लहान वर ठेवायची.

पानं वाटायला सुरुवात झाली की पैजेला हात लावायचा नाही. चिप सरळ करायला पुढे गेलेला हातसुद्धा कॅमेऱ्यात निकाल पाहून पैज वाढवल्यासारखा दिसतो, आणि ती फसवणूक असल्याने डीलर ताबडतोब टोकतो. सहा-आठ कॅटच्या शूमध्ये पानं उघडी वाटतात, त्यांनाही हात लावायचा नाही. काही ठिकाणी एक-दोन कॅटचा खेळ डीलर हातात धरून खेळवतो आणि पानं पालथी येतात. ती एकाच हातात धरायची, टेबलाच्या कडेबाहेर न्यायची नाहीत. पान हवं असेल तर ती पानं कापडावर हलकेच ओढायची, थांबायचं असेल तर चिप्सखाली सरकवायची.

तोंडाने सांगून भागत नाही, खूण लागतेच. पुढे वाद झाला तर चित्रात दिसलेली खूणच पुरावा ठरते. पान हवं असेल तर चिप्सच्या मागे टेबलावर बोट टेकवा. थांबायचं असेल तर तळवा खाली करून हात आडवा फिरवा. डबल करताना (पैज दुप्पट करून एकच पान घेताना) तितक्याच चिप्स पहिल्या राशीच्या शेजारी ठेवून एक बोट दाखवा, जोडी फोडताना तशाच शेजारी ठेवून दोन बोटं. शेजारी म्हणजे शेजारीच, पहिल्या राशीवर नाही. या चार खुणा घरच्या जेवणाच्या टेबलावर इतक्या वेळा करा की मनात आकडा चालू असतानाही हात अडणार नाही.

आता मोजण्याकडे. १९६० च्या दशकापासून चालत आलेली हाय-लो पद्धत नवख्याला पुरेशी आहे. दुर्रीपासून छक्कीपर्यंत अधिक १. सत्ती, अठ्ठी, नव्वी शून्य. दश्शी, गुलाम, राणी, राजा आणि एक्का उणे १. पूर्ण कॅट मोजला की बेरीज शून्य यायला हवी. सरावाला एक पान न बघता बाजूला काढा आणि उरलेली ५१ मोजा. बेरीज अधिक १ आली तर काढलेलं पान मोठं, उणे १ आली तर लहान, शून्य आली तर मधलं. अर्ध्या मिनिटाच्या आत न चुकता जमेपर्यंत टेबलावर जाऊ नका.

टेबलावर पानं जोडीने बघायची. समजा तिघे खेळताहेत. पहिल्याकडे राजा आणि छक्की: एकमेकांना खाल्लं, शून्य. दुसऱ्याकडे पंजी आणि तिर्री: अधिक २. तिसऱ्याकडे दश्शी आणि नव्वी: आता अधिक १. डीलरची उघडी चव्वी: अधिक २. पहिला सोळावर थांबला. दुसऱ्याने पान मागितलं, राणी आली: अधिक १. तिसरा एकोणिसावर थांबला. डीलरने झाकलेलं पान उलटलं, गुलाम: शून्य. मग दुर्री आली, अधिक १, आणि शेवटी पंजी: अधिक २. डीलरचे २१ झाले, टेबल हरलं, आणि काउंट अधिक २ वर राहिला. सहा कॅटमधली अकराच पानं गेली आहेत, म्हणून या दोनाला अजून काही किंमत नाही.

ती किंमत ट्रू काउंटने कळते. चालू आकड्याला उरलेल्या कॅटच्या संख्येने भागायचं. डीलरच्या उजव्या हाताला वापरलेल्या पानांचा ट्रे असतो. त्यात दोन कॅटची उंची दिसत असेल तर सहांतले चार उरले, आणि चालू आकडा ८ असेल तर ट्रू काउंट २. ट्रेची उंची ओळखायला घरी एक, दीड, दोन कॅटच्या राशी रचून डोळ्यांना सवय लावा. ढोबळ हिशेब असा की बऱ्या नियमांच्या टेबलावर बेसिक स्ट्रॅटेजी (कुठल्या पानांवर काय करायचं याचा ठरलेला तक्ता) बिनचूक खेळलात तर घर साधारण अर्ध्या टक्क्याने पुढे असतं, आणि ट्रू काउंटचा प्रत्येक अंक तुम्हाला अर्धा टक्का देतो. म्हणजे एकला बरोबरी, तीनला तुमच्याकडे एक टक्का. शंभराच्या पैजेवर सरासरी एक डॉलर! एकेका डावातला चढउतार मात्र शंभराहून जास्त असतो. रात्रभर बिनचूक मोजूनही माणूस रिकाम्या हाताने उठतो, आणि एकदा नाही, अनेकदा. घरखर्चाचा एक डॉलरही या टेबलावर येता कामा नये.

काउंट करणारा ओळखू येतो तो चेहऱ्यावरून. ओठ हलतात, प्रत्येक पानामागे मान हलते, ट्रेकडे टक लागते, डीलरने "कसे आहात?" विचारलं तर उत्तर येत नाही. मोठ्याने मोजायची सवय पहिल्या दिवसापासून तोडा. घरी टीव्ही लावून, कुणाशी तरी बोलत मोजा. ट्रेकडे बघायची वेळ म्हणजे डीलर पानं गोळा करतो ती, तेव्हा सगळ्यांचीच नजर तिकडे असते.

अटलांटिक सिटीत याला वेगळा संदर्भ आहे. १९८२ साली पत्ते मोजणारे खेळाडू केन उस्टन यांच्या खटल्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की केवळ पत्ते मोजतो म्हणून कॅसिनो कुणाला बाहेर काढू शकत नाही. नेवाडात तसं नाही. तिथे डोक्यात मोजणं गुन्हा नसला तरी कॅसिनो तुम्हाला खेळ थांबवायला सांगू शकतो. न्यू जर्सीतही त्यांच्याकडे उपाय उरतोच: तुमची पैज वाढली की मध्येच पत्ते पिसायचे, किंवा तुमच्या पैजेवर मर्यादा घालायची. तसं झालं तर वाद घालू नका, आभार मानून उठा. दोन्ही राज्यांत ज्याला माफी नाही ते म्हणजे यंत्र. फोनवर किंवा कुठल्याही उपकरणावर मोजणं गुन्हा आहे, नेवाडात १९८५ पासून. फोन खिशातच राहू द्या.

शेजाऱ्यांशी वागणं हा मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. शेवटच्या खुर्चीवरच्या माणसाने "चुकीचं" पान घेतल्यामुळे टेबल हरलं, अशी ओरड नेहमी ऐकू येते. पुढचं पान कुणालाच माहीत नसतं. त्याच्या खेळाने तुमचं जितक्या वेळा बिघडतं तितक्याच वेळा सुधारतं. कुणाला शिकवू नका, कुणावर चिडू नका. उद्या तुम्हीच काउंट अधिकमध्ये असताना डीलरच्या दहाविरुद्ध आपल्या सोळावर थांबाल, किंवा ट्रू काउंट तीनला पोचल्यावर इन्शुरन्स (डीलरला ब्लॅकजॅक येईल अशी बाजूची पैज) घ्याल, आणि शेजारी कुरकुरेल. एवढंच म्हणा, "मन झालं." स्पष्टीकरण देत बसलात तर काउंटही जातो आणि ओळखही पटते.

डीलरला टीप द्यायची ती वर्तुळाच्या पुढच्या कडेला, तुमच्या पैजेपुढे वेगळी चिप ठेवून. अधूनमधून एक-दोन डॉलर पुरेत. पाच डॉलरची एक टीप म्हणजे वरच्या हिशेबाने शंभराच्या पाच चांगल्या पैजांची सरासरी कमाई. डीलर दिवसभर उभा असतो, त्याचा मान ठेवायलाच हवा, पण जिंकलेल्या प्रत्येक डावावर टीप देणं मोजणाऱ्याला परवडत नाही.

हे हातवारे गोव्यातही कामी येतात. तिथे यंत्राऐवजी माणूस पानं वाटतो अशी टेबलं मांडवीतल्या बोटींवरच आहेत. टेबलावर काय छापलंय आणि पत्ते कसे पिसतात, हे मात्र तिथेही चिप्स घेण्याआधी बघा.

उठताना लहान चिप्सची पसरलेली रास घेऊन चालू लागू नका. दोन डावांच्या मध्ये सगळ्या चिप्स रंगाप्रमाणे रचून पुढे सरकवा आणि "कलर अप" म्हणा. डीलर त्या कापडावर रंगारंगाने मांडून मोजतो, पिट बॉसला सांगतो, आणि बदल्यात मोजक्या मोठ्या चिप्स देतो. त्या घेऊन रोखीच्या खिडकीवर जा. कुठे काउंट सुटला, कुठल्या खुणेला हात अडला, हे वहीत लिहायचं ते पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर.