ओडेनवाल्डचा वळसा: खोटे चढ गेले, पूल मात्र अजून पाण्यात

जर्मनीतल्या ओडेनवाल्ड डोंगरांतल्या सायकल-मार्गावर, श्टाइनाख ओढ्याच्या खोऱ्यात, यंत्रावर दिसणारे भुताटकीचे चढ अखेर गेले. हायडेलबर्ग ते हिर्शहॉर्न वळशाचं प्रोफाइल (उंचीचा आलेख) आता बघण्यासारखं झालंय. नेकार नदीकाठी सपाट, शोनाऊपासून हळूहळू वर, आणि वाल्ड-मिखेलबाख सोडलं की उल्फेनबाख ओढ्याच्या सोबतीनं लांबलचक उतार. मार्ग आधी आखलेलाच आहे, फक्त शेपूट बदललंय. त्याचं शेवटी बघू. आधी उंचीचा घोळ, कारण सगळा वेळ त्यानंच खाल्ला.

लक्षणं अशी होती. ओढ्याकाठच्या रस्त्यावर, जिथे पायाला चढ जाणवतसुद्धा नाही, तिथे सायकलच्या जीपीएस यंत्राच्या स्क्रीनवर १८ टक्के चढ, मग उणे १२, मग पुन्हा १५. चढ दाखवणारी पट्टी एकाच चढाचे तीन-चार तुकडे करायची आणि एकूण चढाईचा आकडा फुगत जायचा. यंत्रात हवेच्या दाबावरून उंची काढणारा बॅरोमीटर असतो. त्याच्यावर संशय घेणाऱ्यांनो, तो बिचारा निर्दोष आहे. हवा बदलली की तो सरकतो (१ हेक्टोपास्कलला साधारण ८ मीटर), पण सावकाश सरकतो. वीस मीटरांत टुणकन उडी मारणं हे त्याचं काम नव्हे. उड्या येत होत्या मार्गाच्या फाइलमधून.

बहुतेक मार्ग-आखणी साइट्स उंची घेतात ती जगभरासाठी बनलेल्या नकाशांतून. एसआरटीएम म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये स्पेस शटलवरून झालेली रडार-मोजणी, आणि युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचा ३० मीटरवाला नकाशा टॅनडेम-एक्स उपग्रहांच्या रडारवरून केलेला. दोन्हींत एका चौकोनाला एकच उंची, आणि चौकोन साधारण ३० मीटरचा. सपाट मुलखात यानं काही बिघडत नाही. पण दक्षिण ओडेनवाल्ड तांबड्या वालुकाश्माचा आहे आणि नेकारनं व तिच्या ओढ्यांनी त्यात अरुंद, उभ्या कडांची खोरी कापलीत. रस्ता सहा-सात मीटर रुंद, एका बाजूला कापलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला ओढ्याचं पात्र. हे सगळं एकाच चौकोनात येतं आणि तुमच्या वाट्याला त्याची सरासरी येते.

दुसरी भानगड झाडांची. रडारची लहर दाट जंगलात जमिनीपर्यंत पोचत नाही, वर पानांतच अडकते. बीच नि स्प्रूसच्या जंगलातून जाणारा रस्ता त्यामुळे नकाशात दहा-पंधरा मीटर उचललेला दिसतो, आणि जंगल संपून गावची कुरणं लागली की प्रोफाइल धाडकन खाली येतं. प्रत्येक गावाला एक खोटा उतार, गाव सुटलं की एक खोटा चढ. पाच गावं आणि दर वेळी १० मीटर धरले तरी ५० मीटर फुकटचे. टक्केवारीचं गणित तर आणखी वाईट: लगतच्या दोन बिंदूंत अंतर २० मीटर आणि चूक फक्त ४ मीटरची असली, तरी स्क्रीनवर २० टक्के.

नुसतं घासून गुळगुळीत करणं हा उपाय नाही. २०० मीटरची सरासरी लावली की खोट्या उड्यांबरोबर खऱ्या अवघड वळणांची धारही जाते. उपाय म्हणजे डीजीएम१. जर्मन राज्यांच्या भूमापन खात्यांनी विमानातून लेसरनं मोजलेली उघड्या जमिनीची उंची, दर मीटरला एक बिंदू, झाडं आणि घरं वजा केलेली. बाडेन-व्युर्टेमबेर्ग आणि हेसेन दोघांचीही फुकट उतरवता येते. आणि इथे दोन्ही लागतात, कारण हद्द वेडीवाकडी आहे: हायडेलबर्ग बाडेनमध्ये, नेकारश्टाइनाख हेसेनमध्ये, शोनाऊ आणि हायलिगक्रॉइत्सश्टाइनाख पुन्हा बाडेनमध्ये, आब्टश्टाइनाख व वाल्ड-मिखेलबाख हेसेन, हेडेसबाख बाडेन, लांगेनटाल आणि हिर्शहॉर्न परत हेसेन. सुदैवानं दोन्हीकडचा उंचीचा संदर्भ एकच (डीएचएचएन २०१६) आणि नकाशाचं प्रक्षेपणही एकच (ईपीएसजी २५८३२), त्यामुळे हद्दीवर पायरी पडत नाही.

क्रम असा ठेवा. एक चौरस किलोमीटर म्हणजे दहा लाख बिंदू, म्हणून फक्त मार्गाखालचे डेटाचे चौकोन उतरवा. एक्सवायझेड मजकुराच्या फायली मिळाल्या तर आधी जिओटिफ (नकाशाची चित्र-फाइल) करून घ्या, मग जीडॅल या फुकट साधनानं सगळ्यांची एक आभासी व्हीआरटी फाइल बांधा. क्यूजीआयएस या नकाशा-प्रोग्राममध्ये मार्गाची जीपीएक्स फाइल उघडून त्याच २५८३२ प्रक्षेपणात बदला आणि रेषेवर दर १० मीटरला बिंदू पाडा. इथे घाई करू नका. नकाशातली रस्त्याची रेषा दोन-तीन मीटर इकडेतिकडे असतेच, आणि डोंगर कापून काढलेल्या रस्त्यावर तेवढ्यानं बिंदू थेट धारक भिंतीच्या माथ्यावर जाऊन बसतो. म्हणून प्रत्येक बिंदूपाशी रस्त्याला आडवे पाच नमुने घ्या (मध्य, दोन्हीकडे १ आणि २ मीटर) आणि त्यांचा मध्यक (क्रमानं लावल्यावर मधली उंची) धरा. सरासरी नको, भिंत सरासरीला ओढून नेते. पुढे रस्त्याच्या दिशेनं ५० मीटरचा मध्यक आणि शेवटी हलकी सरासरी. एवढ्यावर श्टाइनाखचं खोरं शहाण्यासारखं वागायला लागलं.

आणि मग दोन दगड आडवे आले. पहिला: फाइल हलकी करायला बिंदू कमी केले तर सरळ रस्त्यावर उंचीच गायब. बिंदू गाळणारी नेहमीची पद्धत फक्त आडवा आकार बघते. रेघ सरळ असेल तर मधले सगळे बिंदू तिच्या लेखी फालतू, मग त्यांच्यात चढ असो की उतार. गाळायचंच तर दर २५ मीटरला एक बिंदू ठेवून गाळा. दुसरा दगड जास्त संतापजनक. इतकं करून फाइल मार्ग-साइटवर चढवली की काही साइट्स तुमची उंची गुपचूप पुसून स्वतःची भरतात, आणि यंत्रावर पुन्हा तेच १८ टक्के. ना इशारा, ना खूण. साइटला मध्ये घेऊच नका. केबल लावा आणि जीपीएक्स थेट यंत्राच्या फोल्डरमध्ये टाका (गार्मिनवर ‘न्यूफाइल्स’). या एका केबलनं जे साधलं ते कुठल्याच सशुल्क वर्गणीनं साधलं नव्हतं.

राहिले पूल. डीजीएम उघड्या जमिनीचं, म्हणून त्यातून पूलही वजा केलेले असतात. परिणामी हायडेलबर्ग स्टेशनाहून निघाल्याबरोबर एर्न्स्ट-वाल्त्स पुलावर प्रोफाइल नेकारमध्ये बुडी मारतं आणि पलीकडच्या काठावर चढून येतं. ओढ्यांवरचे छोटे पूलही दोन-तीन मीटरचे खळगे पाडतात. बोगद्यात नेमकं उलटं: माथ्यावरचा अख्खा डोंगर चढाईत धरला जातो. सध्याचा तोडगा म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशातले पूल आणि बोगदा असे टॅग शोधायचे, त्या तुकड्याचे बिंदू काढून टाकायचे आणि दोन्हीकडच्या २० मीटर आधीच्या उंचीला सरळ रेघ जोडायची. छोट्या पुलांना हे पुरतं. मोठ्या पुलाला मधे थोडा फुगवटा असतो, तो यात हरवतो.

हे लिहिताना सुचतंय की पुलांपुरतं डीओएम१ का वापरू नये? तेही त्याच खात्यांचं, पण पृष्ठभागाचं मॉडेल. त्यात झाडं, छपरं आणि पूल जसेच्या तसे. रस्त्याला ते कुचकामी, पण नेकारवरच्या पुलावर झाडाची सावली कुठली? फक्त पुलाचा टॅग असलेल्या तुकड्यात डीओएम, बाकी सगळीकडे डीजीएम. मोजणीच्या क्षणी उभा असलेला ट्रक किंवा दिव्याचा खांब आडव्या मध्यकात गळून जाईल. ओढ्यांवरच्या पुलांना मात्र हे नको, तिथे वर फांद्या असतात. तिथे सरळ रेघच बरी. म्हणजे सरळ रेघेची स्क्रिप्ट फेकायची नाही, लांबीची अट घालायची: ४० मीटरच्या वर डीओएम, खाली रेघ. पुढचं काम हेच.

वळसा कोणत्या दिशेनं मारायचा हा वादही दुरुस्त प्रोफाइलनं मिटवला. श्टाइनाखनं वर आणि उल्फेनबाखनं खाली, उलट नाही. नॉयेनहाइमहून झीगेलहाउझेनचा उत्तर काठ धरायचा, नेकारश्टाइनाखला डावीकडे शोनाऊत शिरायचं, मग हायलिगक्रॉइत्सश्टाइनाख. खरा घाट त्यानंतर, ओबर-आब्टश्टाइनाख आणि झीडेल्सब्रुनकडे. पुढे ३४ दात्यांची चकती आणि मागे ३२ चा गिअर असला की मिनिटाला ६० फेऱ्यांनी ताशी ८ किलोमीटर पडतात, तेवढ्यात भागतं. पुढे ३६ लावून मिरवणाऱ्यांनी मागे ३४ घालावा. टायर २८ मिलिमीटरचे. २५ चा हट्ट आता सोडा, खोऱ्यातल्या सावलीच्या रस्त्यावर ओली पानं दुपारपर्यंत वाळत नाहीत आणि उल्फेनबाखच्या उतारावर वेग नकळत चढतो.

शेपूट बदललं ते हिर्शहॉर्नला. आधी तिथून बे ३७ महामार्गानं परत यायचं होतं. त्यावर ट्रक, आणि नदीकाठच्या सायकलमार्गावर डांबर संपून दाबलेली खडी कुठे सुरू होईल याचा नेम नाही. आखताना ओपनस्ट्रीटमॅपमधला पृष्ठभागाचा टॅग ‘कॉम्पॅक्टेड’ दिसला की रोड बाइकवाल्यांनी तो तुकडा गाळावा. त्यामुळे वळसा हिर्शहॉर्न स्टेशनातच संपवला. एस-बान ही लोकल गाडी थेट हायडेलबर्गला आणते. हायडेलबर्गजवळच्या वाल्डॉर्फच्या मंडळींनी शनिवार-रविवार धरावा, कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीत सायकल न्यायचे नियम वेगळे असतात. पाय शिल्लक असतील त्यांच्यासाठी हिर्शहॉर्नहून फिंकेनबाखच्या खोऱ्यानं बेअरफेल्डेनकडे जाणारी शाखा आखतोय. तिचे हेसेनचे चौकोन उतरवून झालेत, पुलांची अट बसली की तीही याच पद्धतीनं काढतो.