ठोकळ्यावरचे चित्र आणि त्याखालची ओळ

कोल्हापुरात आमच्या घरचा छोटा छापखाना होता. जुळारी शिशाचे अक्षरांचे खिळे जुळवताना मध्ये जागा मोकळी ठेवी आणि तिथे चित्राचा ब्लॉक बसवी. जस्ताचा पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून त्याची उंची खिळ्यांइतकी केलेली असे, त्यामुळे चित्र आणि मजकूर एकाच दाबात कागदावर उतरत. एकोणिसाव्या शतकातील विनोदी सचित्र नियतकालिके चाळताना मला त्या उंचीची आठवण होते.

१८४१ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या ‘पंच’ या साप्ताहिकाचा सारा डोलारा अशाच ठोकळ्यांवर उभा होता. बॉक्सवूडच्या आडव्या कापावर चित्र कोरले जाई. या झाडाचे खोड बारीक असल्यामुळे मोठ्या चित्रासाठी अनेक तुकडे जोडावे लागत आणि सांधा नीट बसला नाही, तर छापात पांढरी रेघ उमटे. मुख्य व्यंगचित्राचा विषय बुधवारच्या जेवणाच्या मेजावर ठरे, जॉन टेनिएल चित्र काढत आणि जोसेफ स्वेन यांच्याकडे ते कोरले जाई.

चित्राखाली खिळ्यांनी संवाद जुळवणे सोपे असल्यामुळे ‘पंच’चा सामाजिक विनोद पुष्कळदा त्या ओळींतच राहिला. इंग्रजी शब्दारंभीचा ‘ह’ गाळून, म्हणजे खालच्या वर्गाच्या बोलीत, बोलणारा नोकर किंवा नवश्रीमंत हे त्यातले नेहमीचे गिऱ्हाईक. आमच्या बोलीतले ‘काय करालायस’ ऐकून परगावी हसणारी माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हा विनोद कितीही सफाईदार असला तरी मला बोचतो. त्याच ‘पंच’मध्ये १८४३ साली जॉन लीच यांनी आपल्या व्यंगचित्रात सरकारी चित्रप्रदर्शनातील भव्य चित्रांसमोर लंडनचे फाटके गरीब उभे केले होते, हे मात्र विसरता कामा नये, तिथे रोख सरकारवर होता.

पॅरिसमध्ये १८३२ साली निघालेल्या ‘ल शारिव्हारी’ या दैनिकाची गोष्ट निराळी. तिथली मोठी चित्रे शिळेवर, म्हणजे छपाईच्या दगडावर, काढून त्यावरूनच छापली जात, त्यामुळे व्यंगचित्रकार ओनोरे दोमिए यांची रेषा कोरक्याच्या हातून न जाता थेट कागदावर येई. राजा लुई फिलिपला अधाशी राक्षसाच्या रूपात रंगवल्याबद्दल १८३२ मध्ये ते तुरुंगात गेले. १८३५ च्या कायद्याने राजकीय व्यंगचित्रांची वाट बंद झाली, तेव्हा त्यांनी वकील, घरमालक आणि भामटे सावकार यांच्याकडे मोर्चा वळवला.

मी एक साधी परीक्षा घेतो. तळहाताने चित्राखालची ओळ झाकतो. ‘पंच’मधील नोकराच्या चित्रात मग दिवाणखाना आणि दोन माणसे एवढेच उरते. दोमिए यांनी १८४५ ते १८४८ या काळात काढलेल्या वकिलांच्या चित्रांवर तोच तळहात ठेवला, तरी हवेत फेकलेल्या झग्याच्या बाहीतून अशिलाचा पैसा कुठे चालला आहे ते स्पष्ट दिसते.